चिंचोक्यांची ज्वारी

कणगी आतून लिंपून झाली होती, बाहेरून निम्मीच. दैवशालेचे हात कोपरापर्यंत शेणामातीत, पदर दातात धरलेला, आणि कपाळावर एक माशी बसून तिचा अंत पाहत होती. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "वैनी, घरात चिंचोके हायेत का?"

हाक बन्सीधरची. तिचा धाकटा दीर, पालमच्या शाळेत मास्तर. होळीची सुट्टी लागली की अर्धी वाट मोटारीनं आणि अर्धी पायी करून राणीसावरगावला यायचा. दैवशालेनं दातातला पदर सोडला, माशी हाकलली आणि त्या नादात गालाला शेण लावून घेतलं.

"आवं भावजी, दिवाळीला गेलेलं माणूस होळीला उगवतंय. पाणी मागावं, भाकर मागावी. चिंचोके कामून मागायलाव?"

"तजुर्बा करायचाय."

"मागल्या खेपेला तजुर्बा केलाव तव्हा माझी घागर फुटली."

"ह्या खेपेला फुटले तर चिंचोके फुटतेल. ते बी आदीच फोडून द्या."

बन्सीधर निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकलेला. पोलीस ॲक्शननंतर शाळेत मराठी आली, तो मराठीत शिकवू लागला, पण करून बघण्याला त्याच्या तोंडी शब्द एकच, तजुर्बा. कणगी तशीच निम्मी राहिली आणि दैवशाला हात धुऊन चिंचोके शोधायला उठली.

ती मूळची सेलूकडची. कपाशीचा मुलूख तो. हंगामात माणसं ओसरीवर आणि कापूस घरात, अशी निजायची पद्धत. लग्न होऊन इकडं आली तेव्हा अंगानं एवढीशी होती, पण हसली की दोन घरं पलीकडची कुत्री उठून बसत. अक्षरओळख झाली ती ह्या दिरामुळंच. तो चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षर काढायचा आणि ती त्याच्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा जरा मोठा करायची. रोज सकाळी रेणुकामातेच्या देवळात जायची. देवीपुढं उभी राहिली की मागणं कमी आणि बातम्या जास्त. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेराला जायचा हट्ट धरून बसली, कोणाच्या आंब्याला मोहोर आला, सगळं सांगून झाल्यावर मग प्रदक्षिणा. गुरवीण म्हणायची, "देवीला गावाची खबर दैवशालाच देती, तवा कुटं ती कारभार करती."

ह्या वर्षी मात्र तिनं देवीपुढं एक मागणंही ठेवलं होतं. सासूनं, म्हणजे तानुबाईनं, घरातलं बियाणं तिच्या हवाली केलं होतं.

त्या घरात बियाणं म्हणजे बायकांचा मान. ज्वारी काढणीला आली की घरच्या मोठ्या बाईनं वावरात जाऊन कणसं निवडायची, ती वेगळी खुडायची, वेगळी बडवायची, राख चोळून कणगीत ठेवायची. बाप्यांनी मधी बोलायचं नाही. तानुबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, समोरचं माणूस तिला धुक्यात उभं असल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा तिनं सुनेला बोलावून सांगितलं, "यंदापून बियाणं तू बघ. पर ध्यानात ठिव, हाताला गुण न्हाई आला तर परत माझ्याकडं देयाचं. मी चाचपून निवडीन." तानुबाई असलं काही उगीच बोलायची नाही.

कणसं कुठली निवडायची हेही ठरलेलं होतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं घर वावरात जेवायला जातं. बाभळीखाली कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी-उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि आंबील भोवतालच्या पिकावर शिंपायची. बाभूळ तीच, जागा तीच, तानुबाईच्या सासूच्याही सासूपासूनची. त्या कोपीला लागून उभ्या असलेल्या ज्वारीच्या ताटांची कणसं हेच घरचं बियाणं. तानुबाई त्याला देवाच्या पंगतीतलं बियाणं म्हणायची. रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडायची पाळी आली तेव्हा तिनं भांडीकुंडी सोडली, दुभती गाय सोडली आणि हे बियाणं पदराच्या ओट्यात बांधून नेलं. परत आल्यावर त्याच ज्वारीनं घर पुन्हा उभं केलं. असल्या बियाण्याला कोण काय बोलणार?

पण चार-दोन हंगामांपासून काहीतरी बिनसलं होतं. कोपीभोवती कणसं अशी की हातात मावू नयेत, आणि तिथून माळाकडं निघालं की दर पावलाला कणीस बारीक. बांधाशी पोचेपर्यंत तर ज्वारी आहे की गवत, असं वाटावं. दैवशालेचा नवरा भुजंग सावकाश बोलणारा, तो म्हणायचा, "वारं बदललंय." शेजारची बायनाबाई म्हणायची, "दिष्ट लागली." पारावर बसणारे म्हणायचे, निजाम गेला तशी जमिनीची बरकत गेली. ह्या वर्षी निवड दैवशालेची होती, आणि बारीक कणसांचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार हे तिला सांगायला नको होतं.

चिंचोके सापडले. बन्सीधरनं ओसरीवर चटई टाकली. तोवर बायनाबाई विस्तव न्यायच्या निमित्तानं आली होती, ती खापरीसकट खाली बसली. तानुबाई खांबाला टेकून जप करत होती, पण तिचे कान चटईवरच होते.

बन्सीधर सांगू लागला. गंगाखेडला एका वाचनालयात त्यानं एक मासिक वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की झाडं, जनावरं, माणसं सगळी पिढ्यान्‌पिढ्या थोडी थोडी बदलत आलीत. लेकरू आईबापासारखं असतं, पण हुबेहूब नसतं. कुठंतरी एखादी चूक होते. त्यातलं जे तगतं त्याला लेकरं होतात, जे तगत नाही त्याचा वंश थांबतो. बस एवढंच, आणि त्यातूनच ही सगळी सृष्टी.

"ह्ये खरं हाय का खोटं, ते चिंचोक्यावर बगायचं," तो म्हणाला.

फोडलेल्या चिंचोक्याची एक बाजू काळी, एक पांढरी. असे पाच चिंचोके ओळीनं मांडले की झालं ज्वारीचं एक ताट. पहिला कणसाचा, दुसरा धाटाचा, तिसरा मुळांचा, चौथा दाण्याच्या टणकपणाचा, पाचवा लवकर पिकण्याचा. काळी बाजू वर असली तर त्या बाबतीत ताट दांडगं, पांढरी असली तर नाजूक. प्रत्येकीनं आपापली दोन-दोन ताटं उधळून मांडायची. ज्या दोन ताटांत काळे जास्त, ते आईबाप. बाकीची उपटून टाकायची. लेकराच्या ओळीचा पुढचा भाग आईचा, मागचा बापाचा. मग डोळे मिटून कुठलातरी एक चिंचोका उलटायचा, ती चूक. आणि पुन्हा निवड.

बघता बघता चटईवर पाचही काळे चिंचोके असलेली ताटं उभी राहिली. बायनाबाईनं तोंडावर हात ठेवला. "आगं बया! एवढ्यात? मंग देवाला इतके युग कामून लागले?"

"देवाला शाळेची सुट्टी नसंल," तानुबाई खांबाजवळून म्हणाली आणि पुन्हा माळ ओढू लागली.

दैवशाला मात्र चिंचोक्यांकडं बघत बसली होती. "भावजी, काळा चांगला ह्ये कोण ठरवलं?"

"मी."

"आन् वावरात कोण ठरवतंय?"

बन्सीधरनं डोकं खाजवलं. त्याला असले प्रश्न फार आवडत. उत्तर नसलं की तो जास्तच खूश व्हायचा. "वावरात कोणीच ठरवत न्हाई, वैनी. पाऊस ठरवतो, ऊन ठरवतंय. पर त्यांला आपण ठरवायलाव ह्ये म्हाईत नसतं."

"मंग पाऊस आणा की चटईवर."

म्हणून दुसऱ्या दिवसापासून खेळात कवड्या आल्या. आता प्रत्येक पिढीला आधी कवड्या टाकायच्या. बऱ्याच उताण्या पडल्या तर पाऊसकाळ चांगला, आणि मग मोठ्या कणसाला जास्त मोल. बऱ्याच पालथ्या पडल्या तर दुष्काळ, मग खोल मुळांना मोल. मधलं काही पडलं तर वारं आणि चिकटा रोग, मग आखूड धाटाला आणि टणक दाण्याला मोल. खेळ एकदम नाठाळ झाला. काल पाचही काळे म्हणून मिरवणारं ताट आज उंच वाढलं म्हणून वाऱ्यानं लोळायचं. ओसरीवर गल्लीतल्या बायका जमू लागल्या. भाकरी लवकर व्हायला लागल्या, दुपारची झोप बंद झाली. भुजंग वावरातून आला की चटईला वळसा घालून आत जायचा आणि जाताना म्हणायचा, "खरी ज्वारी काढायला कोणी येनार हाय का, का चिंचोकेच जेवायचे?"

बन्सीधरला आणखी एक सुचलं. वावर काही सगळीकडं सारखं नसतं. त्यानं चटईचा एक कोपरा काळ्या, खताच्या जमिनीचा ठरवला. तिथं बसणारीच्या ताटाला दर पिढीला दोन गुण वरचे. झालं. दुसऱ्या दिवशी बायनाबाई खरकटी भांडी तशीच टाकून सगळ्यांच्या आधी येऊन त्या कोपऱ्यात बसली. तिसऱ्या दिवशीही तीच.

"बायनाबाई, जरा बूड हलवा की," कोणीतरी म्हणालं.

"कामून? माझं बूड माझ्या वावरात हाय."

तिची ताटं दर वेळी निवडून येऊ लागली. तीच आईबाप, तिच्याच ताटांची लेकरं सगळ्यांच्या पुढ्यात. चटईभर बायनाबाईचा वंश झाला. बायनाबाई इतकी फुलली की उखाणा घेतल्यासारखी डोलायला लागली. "बगा, आमच्या घरान्यात गुनच हाय."

मग बायनाबाईच्या घरी पाहुणे आले आणि एक दुपार तिचं येणं चुकलं. कोपरा रिकामाच ठेवायचा असं ठरलं. कवड्या टाकल्या तर पालथ्या. आणि चटईवरची ताटं पटापट मरायला लागली. बघतात तो काय, सगळीकडं पांढरेच चिंचोके. मुळांचा पांढरा, दाण्याचा पांढरा. एवढे दिवस जिंकलेल्या वंशात दम असा नव्हताच. जिंकत होता तो कोपरा.

बायका हसून हसून लोळल्या. "बायनाबाईला बलवा! तिचं खानदान बुडालं म्हनावं!"

दैवशाला हसली नाही. तिचा हात कवड्यांवर तसाच राहिला. बन्सीधरनं विचारलं, "काय झालं, वैनी?"

"भावजी," ती हळूच म्हणाली, सासूला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "आमची कोप."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचेही डोळे मोठे झाले. बाभळीखाली दर वर्षी आंबील शिंपली जाते. तिथंच बैलं बांधतात, तिथंच शेण पडतं, तिथंच सगळं घर जेवून हात धुतं, खरकटं टाकतं. तिथलं कणीस मोठं होणार नाही तर काय होणार? आणि घर पिढ्यान्‌पिढ्या त्या पोसलेल्या कणसांचं बियाणं माळापर्यंत पेरत होतं. माळावर तग धरेल असं ताट निवडायला माळावर कोणी कधी गेलंच नव्हतं.

त्या रात्री तिला झोप चांगली लागली, कारण सकाळी देवीला सांगायला मोठी बातमी होती. देवळात तिनं सगळं सांगितलं. कौल मात्र लावला नाही. सासू एकीकडं, सून एकीकडं; मधी देवीला कशाला अडचणीत टाकायचं, असा तिनं विचार केला. हात जोडून म्हणाली, "मी बोलते आत्याशी. तू नुसतं ऐक."

तानुबाईशी बोलणं काही सोपं नव्हतं. दैवशालेनं तिच्या पायांना तेल लावायला घेतलं आणि तेल लावता लावता सांगून टाकलं, की यंदा बियाण्याची कणसं माळाच्या कडेची निवडावी असं मनात आहे. जिथं आजूबाजूची ताटं वाळली तिथं जी भरून उभी आहेत, ती.

तानुबाईनं पाय ओढून घेतला.

"देवाच्या पंगतीतलं सोडून बांधावरचं भिकाऱ्याचं बियाणं घरात आनायलीस? ते बियाणं मी ओट्यात बांधून त्याचा जीव वाचवलाय!"

"आत्या, तुमी आणलं म्हणून आमी आज जेवायलाव. पर पंगतीत बसलेलं पोट भरूनच आसतंय. त्याला काय पारखायचं? उपाशी राहून बी जो उभा हाय त्यो दांडगा."

"ह्ये त्या चिंचोक्यानं शिकवलं व्हय तुला?"

"चिंचोक्यानं न्हाई. बायनाबाईच्या बुडानं."

तानुबाईला हसायचं नव्हतं. तिनं ओठ दाबून धरले, मग नाक फुरफुरलं, मग खांदे हलायला लागले. पण हसून झाल्यावर तिनं आपलं म्हणणं सोडलं नाही. दारातून भुजंग ऐकत होता. बाप्यांनी बोलायचं नाही ही रीत मोडून तो एवढंच म्हणाला, "निम्मं तिचं, निम्मं तुझं. बांध घालून येगळं पेरू." तानुबाईनं ओढलेला पाय पुन्हा पुढं केला. शेवटी म्हणाली, "निम्मं. पर तुझं निम्मं पडलं, तर बियाणाला परत हात लावायचा न्हाई."

काढणीच्या आधी दैवशाला निवडलेल्या ताटांना बांधायला लाल नाडा घेऊन माळाच्या कडेला गेली. एकेका ताटाजवळ थांबून त्याच्या शेजाऱ्यांकडं बघायची, मग त्याच्याकडं. मोठं कणीस दिसलं की हात पुढं जायचा, मग ती स्वतःलाच म्हणायची, "थांब, ह्याच्या बुडाशी काय हाय बघ." एकाच्या बुडाशी जुना उकिरडा निघाला, ते सोडलं. कोपीभोवतालची कणसंही तिनंच खुडली, तितक्याच मायेनं, आणि तानुबाईच्या हातात दिली.

दसऱ्याच्या पुढं पेरणी झाली. दोन्ही निम्म्यांत तिफणीच्या चाड्यावर बी सोडणारी मूठ दैवशालेचीच होती, म्हणजे हातात खोट होती असं कोणी म्हणायला नको. पालमहून बन्सीधरचा निरोप आला: चटईवर पंचवीस वेळा करून बघितलं, माळाचं बियाणं जिंकतंय. दैवशालेनं उलट निरोप धाडला: चटईवर तुमी सात पिढ्या एका दुपारी काढताव, हितं एका पिढीला वरीस लागतंय, गप बसा.

पहिल्या येळवशीला सगळे वावरात गेले तेव्हा दोन्ही निम्मी सारखीच दिसत होती. माळाकडं थोडं बरं, इतकंच. तेही मनात धरून बघितलं तर. उलट एक भलतंच झालं. माळाच्या बियाण्याची कणसं आठ-दहा दिवस आधी भरली, आणि भोवतालच्या सगळ्या वावरांत तीच आधी भरली म्हणून पाखरांची अख्खी वरात तिथंच उतरली. राघू, चिमण्या, साळुंक्या, गावातलं एक पाखरू म्हणून मागं राहिलं नाही.

"भावजी!" दैवशाला गोफण फिरवत ओरडली, "तुमच्या चटईवर राघू कुटं बसला होता?"

बन्सीधर मचाणाखाली भज्जी खात होता. तो बघतच राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. लवकर पिकणं त्यानं खेळात नेहमी गुणाचं धरलं होतं. राघूला विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

"मंग खेळ खोटा म्हनायचा का वैनी?"

दैवशालेनं गोफणीत दगड भरता भरता विचार केला. "खोटा कामून? अर्धं अर्धं जुळतंय, चूक होती, निवड होती, ह्ये तर वावरात बी हायच की. भातुकलीतल्या भातानं पोट भरत न्हाई भावजी, पर पोरीला चूल कळती. फक्त तुमच्या चटईवर तुमी ज्याला बसवलं तेवढेच बसले. हितं न बलवता येतेत." तिनं गोफण सोडली. राघूंचा एक थवा उठला आणि बायनाबाईच्या वावरात जाऊन बसला. पलीकडून शिव्या ऐकू आल्या.

गावानं त्या वर्षी भरपूर चेष्टा केली. बायनाबाई येता-जाता विचारायची, "काय गं, चिंचोक्याची ज्वारी दळली का?" निकाल लागला नाही तर हारही नाही, असं तानुबाईनं मानलं, आणि बांध तसाच राहू दिला. दैवशालेनं पुन्हा माळाच्या कडेला जाऊन नाडे बांधले. ह्या वेळी फार लवकर पिकलेली ताटं सोडून.

दुसरं वर्ष पावसाचं गेलं, सगळ्यांचंच पिकलं, कोणाचं काही कळलं नाही. कोपीच्या बियाण्याचा कडबा तर इतका उंच झाला की भुजंगची बैलं त्यावरून तोंड काढीनात. दैवशालेनं ते मोकळेपणानं कबूल केलं आणि देवीलाही सांगितलं. तिसऱ्या वर्षी गणपती गेले आणि पाऊसही त्यांच्याबरोबर गेला. पेरणी कशीबशी झाली. मार्गशीर्षापर्यंत जमीन भेगाळली. बन्सीधर त्या येळवशीला आला तेव्हा चिंचोके आणायचंच विसरला होता.

कोप उभी राहिली, पांडव मांडले, आरती झाली. जेवणाच्या आधी तानुबाई उठली. "मला बांधावर न्या," ती म्हणाली.

दैवशालेनं तिचा हात धरला. आधी बांधाच्या अलीकडं, कोपीच्या बियाण्यात. तानुबाई चालता चालता एकेक कणीस मुठीत घ्यायची, अंगठ्यानं दाबायची, सोडायची. बाभळीजवळ मूठ भरत होती. जशी ती दूर गेली तशी मूठ मिटायला लागली. माळाच्या कडेला पोचल्यावर तिच्या मुठीत नुसता भुसा लागला. ती पलटली, बांध ओलांडला आणि दुसऱ्या निम्म्यात शिरली. तिथलं कणीस मोठं नव्हतं. पण पहिलं जेवढं, तेवढंच दुसरं, तेवढंच त्याच्या पुढचं. माळाच्या टोकाला मुरूम पायाला टोचायला लागला तरी मुठीतलं कणीस तितकंच भरलेलं. मागं सगळं घर चालत होतं. बायनाबाईही बांधावर येऊन उभी होती. दैवशालेचा हात सासूच्या हातात थंडगार पडला होता.

तानुबाई शेवटच्या ताटाशी थांबली. कणसाचे दोन दाणे खुडून तिनं तोंडात टाकले, चावले.

"गोड हाय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ह्यातलं एक बी रिकामं न्हाई."

"आत्या..."

"थांब. मला बोलू दे." तानुबाईनं तोंड बाभळीकडं वळवलं, जिकडं तिला कोप असेल असं वाटत होतं. "आपुन देवाला लय दिवस येका जागी बसवून ठिवलं. दर साली त्याच मातीला जेवू घातलं. देव काय त्या बाभळीला बांदलेला हाय का? म्होरल्या साली कोप हितं मुरमावर उभी करायची. त्याच्या म्होरल्या साली आणखी कुटं. सगळ्या वावराला पंगतीत बसू दे. आन् बियाणं कोपीपासून लांबचं घ्यायचं."

भुजंगनं डोक्यावरचा रुमाल काढला आणि पुन्हा बांधला. आनंद झाला की तो असंच करायचा. बन्सीधर म्हणाला, "आई, ह्ये तर मला बी सुचलं नसतं," आणि तानुबाई म्हणाली, "तुला सुचायला तू कव्हा उपाशी राहिलास?"

"मंग बियाणं, आत्या?" दैवशालेनं विचारलं. आवाज बारीक झाला होता, तिच्या आवाजाला न शोभेल इतका.

"तुज्याकडं. आता मला परत इचारू नको." तानुबाईनं सुनेचा हात आपल्या हातात घासला. "हात गार कामून पडलाय? आंबील पी चल."

मग मात्र दैवशाला हसली. बाभळीवरचे सगळे पक्षी उडाले आणि माळापलीकडच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागली. बायनाबाई बांध ओलांडून आली, पदराची झोळी पुढं केली आणि म्हणाली, "मला बी चार कणसं दे बाई. माझ्याच बुडानं शिकलीस ना तू?"

"देते की. पर आदी तुमचं बूड मुरमावर बसवा."

सगळे जेवायला बसले. आंबील शिंपायला ह्या वेळी तानुबाई स्वतः उठली, आणि कोपीला फेरी न घालता बांधाबांधानं पार टोकापर्यंत गेली, भुजंगच्या खांद्यावर हात ठेवून.

ज्वारी निघाली, खळं झालं. दैवशालेनं बियाणं निवडून राख चोळून ठेवलं, बायनाबाईचा वाटा वेगळा बांधला. बन्सीधर होळीला आला तेव्हा त्यानं पुन्हा चिंचोके मागितले. ह्या वेळी खेळात राघू घालायचा होता. तिनं सुपातून मूठभर काढून दिले आणि म्हणाली, "मांडा तोवर. मी येते." उन्हाळा तोंडावर आला होता आणि घरातला रांजण तळाशी झिरपत होता. पदर खोचून ती कुंभाराकडं नवा रांजण सांगायला निघाली.